सेल्फ, अर्थ आणि नाका : केळापूरच्या मोटार-वायरमनांचा इतिहास

केळापूर तालुक्यात मोटारीच्या विजेचे काम करणाऱ्याला वायरमन म्हणतात, बॅटरीवाला म्हणतात, किंवा नुसते मिस्त्री म्हणतात. घरातले दिवे जोडणाराही वायरमनच. पण महामार्गालगतच्या टपरीवर वायरमनची चौकशी झाली, तर ती सेल्फ (विजेचा स्टार्टर), डायनॅमो, बॅटरी नाहीतर हॉर्नसाठी असते. इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीपासून हा धंदा वेगळा झाला याचे कारण बिघाडाच्या स्वभावात आहे. इंजिनाचा दोष बहुधा झिजेचा असतो, हळूहळू वाढतो आणि एकदा आला की जात नाही. विजेचा दोष येतो-जातो. सकाळी पिकअप पहिल्याच सेल्फला चालू होते, दुपारी जिनिंगच्या दारात 'टक' करून गप्प बसते, आणि धक्का मारून दुकानात आणली की तिथे काही झालेच नाही अशी वागते.

असा दोष धावत्या गाडीत फारसा कळत नाही. गाडी थांबवून इंजिन बंद केले की मगच तो तोंड वर काढतो. त्यामुळे या धंद्याचा इतिहास रस्त्यापेक्षा थांब्यांचा आहे, आणि थांबे केळापूरच्या वाट्याला मुबलक आले.

तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हापासून ही नदी सरहद्द झाली. पलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता, मग हैदराबाद राज्याचा, १९५६ पासून आंध्र प्रदेशाचा आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाचा. राज्य तीनदा बदलले, तरी सरहद्द सरहद्दच राहिली. अलीकडे, वऱ्हाडाच्या बाजूला, जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी होते. मग ते यवतमाळ झाले. केळापूर हे तालुक्याचे नाव आणि जगदंबेच्या देवळाचे गाव, पण कचेरी, बाजार आणि गॅरेज पांढरकवड्यात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता करंजी, पांढरकवडा, केळापूर, पाटणबोरी असा उतरत पिंपळखुटीच्या सीमा तपासणी नाक्याशी पोहोचतो. वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ तो हाच. २०१० च्या फेरक्रमांकनात तो श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग ४४ चा भाग झाला. नाक्यावर कागद दाखवायला गाडी उभी राहते, रांग मोठी असली की डिझेल वाचवायला इंजिन बंद होते, आणि तापलेल्या सेल्फची परीक्षा तिथे होते.

मोटारीच्या पहिल्या पिढीला ही परीक्षा नव्हती, कारण सेल्फच नव्हता. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला बसला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तो १९१९ पासून मिळू लागला. तरी हँडल लगेच गेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॉरी, बस आणि जीप यांच्यासोबत ते येतच राहिले, आणि बॅटरी बसलेल्या गाडीला तोच आधार होता. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरते आणि हँडल हाताला झटका देते; मनगट मोडण्याचे प्रकार त्यातूनच होत. अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे क्लीनरला पहिल्या दिवशी शिकवले जाई. त्या काळच्या पेट्रोल गाडीत वायरमनचे काम बरेचसे ठिणगीभोवती फिरे: कॉइल, कंडेन्सर, प्लग आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट. पॉइंट काळे पडले की गाडी थंडीत चालू होई आणि गरम झाली की बंद पडे. उपाय पॉलिश कागदाचा, दोन मिनिटांचा. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची ओळख या भागातल्या मिस्त्रींना पहिल्यांदा पॉइंटांनीच करून दिली असावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीप आणि लॉऱ्या लिलावात निघाल्या. युद्धातली विलिस जीप ६ व्होल्टची होती, नंतरच्या नागरी गाड्या १२ व्होल्टच्या. बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडायचे, म्हणजे 'अर्थ' करायचे, याबद्दलही एकमत नव्हते. काही कंपन्या धन टोक जोडत, काही ऋण. ६ व्होल्टच्या गाडीला १२ ची बॅटरी किंवा धन अर्थच्या गाडीला उलटी बॅटरी लागली, की डायनॅमो आणि कटआउट जळालेच. वायरमनचे काम 'पाहून, विचारून, मग हात लावण्याचे' झाले ते या मिश्र ताफ्यामुळे. महिंद्रा कंपनी १९४५ मध्ये निघाली आणि १९४७ पासून मुंबईत जीप जुळवू लागली. वर्ध्यापासून आदिलाबादपर्यंतच्या कापूस पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात काळी माती बैलगाडीलाही सोडत नाही, तिथे चारही चाके ओढणाऱ्या या गाडीला मोठा मान मिळाला.

धंद्याला खरे वजन आले ते डिझेलमुळे. टेल्कोचे मर्सिडीज बनावटीचे ट्रक १९५४ पासून बाजारात आले. पेट्रोल इंजिनात हवा साधारण सहा-सात पटींनी दाबली जाई, डिझेल इंजिनात सोळा-वीस पटींनी. एवढे इंजिन माणसाच्या हाताने फिरवणे जवळजवळ अशक्यच. सेल्फ ही सोय होती, ती आता गरज झाली. उलट एकदा चालू झालेल्या जुन्या डिझेल इंजिनाला विजेची काहीच गरज नसते. ठिणगी नाही, पंप यांत्रिक, बंद करायलाही तार ओढायची. बॅटरी उतरवून घेतली तरी गाडी हैदराबादपर्यंत जाईल. या एका गोष्टीने चालकांच्या सवयी घडवल्या: ढाब्यावर गाडी उतारावर लावायची, नाक्यावर इंजिन बंद करायचे नाही, आणि सेल्फची शंका असेल तर ती कापसाचा हंगाम संपेपर्यंत मनातच ठेवायची. वायरमनकडे गाडी येई तेव्हा मूळ दोष कित्येक महिने जुना झालेला असे, आणि वर धक्का मारताना झालेले नुकसान वेगळेच.

सुटे भाग आता देशातच बनू लागले होते. बंगळुरूची मायको १९५१ मध्ये आणि चेन्नईची लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये सुरू झाली. बॅटऱ्या त्याआधीपासूनच बंगालमध्ये बनत होत्या. त्या काळची बॅटरी आजच्यासारखी बंद डबी नव्हती. काळ्या कडक रबराची पेटी, वरून डांबराचा थर, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या. दोन टोकांचा चिमटा प्रत्येक घराला लावून कुठले घर मेले आहे ते दाखवता येई. डांबर तापवून तेवढेच घर उघडायचे, प्लेटा आणि त्यांमधले पडदे बदलायचे, पुन्हा डांबर ओतायचे. हायड्रोमीटरमध्ये आम्ल ओढले की तरंगणारी काच १.२५ च्या वर उभी राहिली तर घर भरलेले, १.१५ च्या खाली बुडाली तर रिकामे. एकच घर बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर दोष त्या घरात. सगळी सारखीच खाली असतील तर दोष बॅटरीबाहेर, म्हणजे चार्जिंगमध्ये. प्लॅस्टिकच्या बंद पेट्या आल्यावर गळती कमी झाली आणि आयुष्य वाढले, पण घराघराने तपासण्याची ही सोय गेली.

डायनॅमोचाही एक दोष ठरलेला होता. इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. बैलगाड्यांच्या मागून रखडणारी, बाजारात दिवे लावून उभी राहणारी गाडी बॅटरी खातच राहते. डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये कटआउट असे. त्याचे टोक चिकटले तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी उलटी डायनॅमोतच रिकामी होई. पुढे सिलिकॉन डायोडचा अल्टरनेटर आला आणि मंद इंजिनावरही चार्जिंग होऊ लागले. गंमत अशी की अल्टरनेटर येऊन दशके लोटली, तरी या भागात त्याला डायनॅमोच म्हणतात.

आज ज्याला पिकअप म्हणतात तो वर्ग तालुक्यात हळूहळू आला. आधी जीपच्या मागे जोडलेली ट्रॉली, मग १९६९ पासून पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, १९८६ मध्ये टाटा ४०७, १९८८ मध्ये टाटामोबाइल, आणि २००० नंतर बोलेरो पिकअप व २००५ ची टाटा एस. या प्रत्येकामागे कापूस होता. महाराष्ट्राने १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू केली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा आणि राज्याबाहेर न्यायचा नाही, असा नियम झाला. आदिलाबाद ही कापसाची मोठी बाजारपेठ नदीपलीकडेच. तिकडे भाव वर असला की कापूस तिकडे वाहायचा, नियम काहीही सांगो. ही योजना २००२ पर्यंत चालली. चोरट्या वाहतुकीत मोठ्या ट्रकपेक्षा छोटी गाडी बरी: आडवाटेने जाते, लवकर भरते, लवकर रिकामी होते. पण रात्री शेताच्या बांधावर दिवे विझवून, इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीचा सेल्फ उचललाच नाही, तर काय होई याची कल्पना करता येते. कायदेशीर वाहतुकीतही खरेदी केंद्राबाहेर दोन-दोन दिवस रांगा लागत. रांग चार हात पुढे सरकली की गाडी चालू करायची, पुन्हा बंद करायची. दिवसातून वीस-तीसदा सेल्फ, आणि मध्ये चार्जिंगला वेळ नाही. बॅटरीचा अंत घडवायला याहून नेमकी व्यवस्था शोधावी लागली नसती.

या काळात वायरमनचे मुख्य हत्यार होते टेस्ट लॅम्प: एक बल्ब, दोन वायरी, एका टोकाला टोचणी. बल्ब लागला की करंट आहे, नाही लागला की नाही. रोजच्या कामाला तो पुरेसा होता. सेल्फच्या कामात मात्र तो हमखास फसवतो, आणि या धंद्यातले चांगले-वाईट हात ओळखायची जागा हीच.

सेल्फ फिरताना पिकअपची बॅटरी सुमारे ३०० अँपिअर करंट देते. वाटेत कुठेतरी, समजा इंजिनापासून चेसीकडे जाणाऱ्या अर्थच्या पट्टीखाली, गंजाने ०.०१ ओहमचा अडथळा निर्माण झाला. ३०० अँपिअरला तो ३ व्होल्ट खाऊन टाकतो. ओढ लागलेल्या बॅटरीत तेव्हा साडेदहा व्होल्ट असतात. सेल्फच्या वाट्याला साडेसात उरतात आणि तो फिरत नाही. तोच अडथळा हेडलाइटच्या ५ अँपिअरला ०.०५ व्होल्ट खातो, जे डोळ्याला दिसणेही शक्य नाही. टेस्ट लॅम्पचा छोटा बल्ब तर त्याहून कमी ओढतो. म्हणून बल्ब झगझगीत लागतो, 'करंट बरोबर आहे' असा निकाल निघतो, चांगला सेल्फ खोलला जातो, कार्बन बदलले जातात, आणि दोष पट्टीखाली तसाच राहतो. खोलाखोलीत हललेल्या पट्टीचा संपर्क चार दिवस सुधारतो, त्यामुळे दुरुस्ती झाली असेही वाटते. या तालुक्यातच काय, कुठल्याही महामार्गावर विनाकारण बदललेल्या सेल्फांची संख्या मोठी असणार.

जुन्या उस्तादांनी यावर मीटरशिवाय काढलेला उपाय नामी होता. रात्री हेडलाइट लावायचे आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचे. लाइट एकदम मावळले तर बॅटरी बसलेली, नाहीतर तिची टर्मिनल ढिली. लाइट तसेच राहिले आणि सेल्फ मुका, तर दोष सेल्फच्या वाटेवर: स्विच, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच), जाड केबल किंवा अर्थ. लाइट थोडे उतरले आणि सेल्फ रखडत फिरला, तर केबल हाताने चाचपायची. जो जोड तापला तोच चोर. मग एक जाड केबल घेऊन बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या लोखंडाला लावायची. तेवढ्याने सेल्फ उचलला तर अर्थ खराब, दुसरे काही पाहायचे कारण नाही. हीच गोष्ट मीटर आकड्यात सांगतो: ऋण टोक आणि इंजिन यांच्यात, सेल्फ फिरत असताना, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसता कामा नये. सेल्फ फिरत नसताना मीटर लावून काही कळत नाही. करंट वाहत असेल तेव्हाच अडथळा व्होल्ट खातो.

आवाजालाही भाषा आहे. एकच 'टक' म्हणजे सोलेनॉइडने ओढले पण पुढे करंट गेला नाही. 'टकटकटक' अशी घाई म्हणजे बॅटरीत दम नाही. सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज पडते, सोडतो, पुन्हा ओढतो. 'घर्र' म्हणजे सेल्फ फिरतो आहे पण बेंडिक्सचा दात फ्लायव्हीलला लागत नाही. काहीच आवाज नाही म्हणजे करंट सोलेनॉइडपर्यंत आलाच नाही.

नाक्यावरचा दोष, म्हणजे थंडीत चालू आणि गरम झाल्यावर बंद, हा या सगळ्यांत कसबाचा. तांब्याचा अडथळा तापमानाच्या दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. सावलीत ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या मे महिन्यात भरलेली गाडी थांबली की इंजिनाची सगळी धग शेजारच्या सोलेनॉइडला मिळते. ७५ अंशांनी तापलेल्या गुंडाळीचा अडथळा जवळपास ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. सोलेनॉइडला करंट येतो तो चावीच्या स्विचमधून फिरून आलेल्या लांब, बारीक, जुन्या वायरीतून. दोन्ही मिळून सोलेनॉइड अशक्त होतो. अर्धा तास थांबले, किंवा वर ओले फडके टाकले, की गाडी चालू होते आणि लोक त्याला नशीब म्हणतात. उपाय म्हणून मिस्त्रींनी बॅटरीजवळ वेगळा रिले बसवून सोलेनॉइडला थेट जाड वायरीने करंट द्यायला सुरुवात केली. बॅटरीचेही असेच. दर दहा अंशांच्या वाढीला तिचे आयुष्य निम्म्यावर येते असा ठोकताळा आहे. ती मे महिन्यात खराब होते, पण उन्हात इंजिनाचे तेल पातळ असल्याने निभावते; मरते डिसेंबरच्या पहाटे, ऐन कापसाच्या वाहतुकीत. दोष थंडीवर जातो.

बाकीची कारणे इथल्या मातीतलीच. सरकी आणि कापूस भरलेल्या गोदामाशेजारी उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. उघडी तार पावसात किंवा खड्ड्यातच चेसीला टेकते. वणीकडे कोळशाच्या वाहतुकीतल्या गाड्यांच्या जोडण्यांत काळी पूड बसते, ती ओलावली की दोन टोकांमध्ये नको तिथे करंट झिरपतो. त्याहून मोठे कारण हौस: टेप, चार हॉर्न, कपाळावरच्या दिव्यांच्या माळा. प्रत्येकासाठी मूळ वायर सोलून, नवी तार पिळून वर टेप मारायची. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळायची, म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते. दसऱ्याला गाडी आणि हत्यारे धुऊन पूजा होते, झेंडूच्या माळा लागतात. त्या धुण्यातले पाणी फ्यूजच्या पेटीत गेल्याच्या तक्रारीही त्याच आठवड्यात येतात.

२००५ नंतर काही वर्षे ग्रामीण विदर्भात रोज अनेक तास भारनियमन होते. रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या सकाळी अर्ध्याच भरलेल्या निघत. त्याच अंधाराने वायरमनला इन्व्हर्टरचा जोडधंदाही दिला. त्याच सुमारास महामार्ग चौपदरी होऊ लागला. वडनेर ते देवधरी, देवधरी ते केळापूर, केळापूर ते पिंपळखुटी अशा टप्प्यांत ते काम झाले. गावांतून जाणारी वाहतूक बाहेरून वळली आणि बाजारपेठेतल्या दुकानांपुढची गिऱ्हाइकी टोलनाका, पेट्रोल पंप आणि उड्डाणपुलांच्या कडेला सरकली.

पिकअपच्या इंजिनातला बदल याहून खोल होता. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. तिच्यासाठी छोट्या डिझेल गाड्यांतही कॉमन रेल आणि संगणक आला. आता इंजिनाला प्रत्येक थेंब डिझेल विजेच्या हुकमाने मिळते. क्रँकच्या सेन्सरची खूण आली नाही तर सेल्फ छान फिरतो आणि गाडी चालू होत नाही. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर उतारावरून ढकलूनही उपयोग नाही. आयटीआयत मोटारीच्या विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा अभ्यासक्रम आहे; टपरीवर मात्र पोऱ्या अजून उस्तादाच्या हाताखालीच तयार होतो, फक्त टेस्ट लॅम्पशेजारी स्कॅनर आला आहे. स्कॅनर दोषाचा क्रमांक दाखवतो. पण सेल्फ मारताना व्होल्टेज खाली गेले की संगणक गोंधळतो आणि एकाच वेळी चार-पाच सेन्सरांची तक्रार नोंदवतो. तेव्हा जाणता वायरमन ते क्रमांक पुसतो, गाडीखाली सरपटतो, अर्थची पट्टी खोलून दोन्ही बाजूंनी पॉलिश कागदाने घासतो, व्हॅसलीन लावून घट्ट आवळतो, आणि मग स्कॅनर पुन्हा जोडतो.